तात्या विंचू परतला, लक्ष्या मात्र नाही

डहाणूच्या बाजारात मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली या चारही बोली एकाच वेळी कानावर पडतात. तलासरी ओलांडली की गुजरातची हद्दच लागते. अशा सरहद्दीवरच्या मुलखात विनोदाची खरी परीक्षा होते. शब्दांवरच्या कोट्या वेशीवर अडतात. धडपडणारा, घाबरणारा माणूस मात्र सगळ्यांना हसवतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ची (१९९३) हिंदी आवृत्ती 'खिलौना बना खलनायक' या नावाने निघाली आणि मराठी न जाणणाऱ्यांनाही तात्या विंचू माहीत झाला, हे मला म्हणूनच नवलाचे वाटत नाही.

मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटाची. पण इथे तिला आपल्याकडचा शब्दभ्रमकार भेटला. अर्धवटरावांना जन्म देणाऱ्या य. के. पाध्ये यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्याचा बाहुला घडवला, तर दिलीप प्रभावळकरांनी तात्या साकारला. लक्ष्या हा स्वतःच बोलक्या बाहुल्यांच्या नादातला. त्यामुळे बाहुला खरोखर बोलतो, हे त्याचे म्हणणे कोण मानणार? प्रेक्षकाला गुन्हेगार ठाऊक असतो. इन्स्पेक्टर महेश जाधवला तो हुडकायचा असतो. त्या दोघांच्या मध्ये लक्ष्या सापडतो. चित्रपटातली निम्मी गंमत या कोंडीतली आहे.

वीस वर्षांनी, २०१३ साली 'झपाटलेला २' त्रिमितीत आला. त्याची जमेची बाजू मोठी आहे. तोच बाहुला, प्रभावळकरांचा तोच आवाज आणि तोच महेश जाधव. मराठीत त्रिमितीचे धाडस करणे हीही सोपी गोष्ट नव्हती.

उणीवही तितकीच ठळक. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले होते. कथेत त्यांच्या जागी लक्ष्याचा मुलगा आदित्य आला. आदिनाथ कोठारे यांनी ती भूमिका मनापासून केली. पण तो नायक आहे, भेदरलेला गरीब जीव नव्हे. हशाची जबाबदारी मकरंद अनासपुरे यांच्याकडे गेली. भीती एकाकडे आणि हसू दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. लक्ष्याकडे ही दोन्ही एकाच चेहऱ्यावर नांदत होती.

दुसरे असे की, महेश जाधवला आता उत्तर आधीच माहीत आहे. तपास संपला की पाठलाग तेवढा उरतो. आणि त्रिमितीची करामत चष्म्याबरोबर उतरते. घरच्या दूरचित्रवाणीवर ती दिसत नाही.

पाध्ये घराण्यात बाहुल्यांची कला वडिलांकडून मुलाकडे आली, कारण ती शिकवता येते. बाहुला पेटीत जपून ठेवता येतो, आवाज पुन्हा काढता येतो. बाहुल्याला घाबरून पळणारा लक्ष्मीकांत मात्र कोणत्याही पेटीत ठेवता आला नाही. दुसरा भाग पाहताना मला सर्वांत जास्त जाणवली ती हीच रिकामी जागा.