जामीनदाराची सही

वसईतल्या एका पतसंस्थेच्या कर्ज खात्यात माझी सगळी नोकरी झाली. कर्जाचा अर्ज हातात आला की माझी नजर आधी शेवटच्या पानावर जायची, कारण तिथे दोन जामीनदारांच्या सह्या असायच्या. रक्कम, कारण, जमिनीचा सातबारा हे सगळं नंतर. सह्या कोणाच्या आहेत यावरून अर्जदार कसा आहे हे निम्मं कळून जायचं.

माणसाच्या ओळखीपाळखीला रुपयांत किंमत असते, हे समाजमाध्यमांच्या कंपन्यांमुळे जगाला कळलं असं आज म्हणतात. आमच्याकडे ही किंमत शंभर वर्षांहून अधिक काळ कागदावर मांडली जात आहे. ती कोण ठरवायचं आणि त्यात त्या माणसाचा स्वतःचा अधिकार किती असायचा, हे आज मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

वसईतल्या पापडीला १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने एक सहकारी पतपेढी सुरू झाली. आजची बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. त्याच वर्षी मुंबईत सारस्वत बँकेची सुरुवात झाली. शामराव विठ्ठल बँक त्याआधीची, १९०६ ची. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती. तिकडे जर्मनीत रायफायझन यांनी १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची पतपेढी उभारली होती. सगळीकडे विचार एकच होता. एकट्या गरिबाला सावकाराशिवाय कोणी उभं करत नाही, पण दहा जण एकमेकांसाठी उभे राहिले की त्यांच्या शब्दावर पैसे मिळतात. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने याच गोष्टीला नियमाचं रूप दिलं. एका गावातल्या किंवा एका जातीजमातीतल्या किमान दहा जणांनी एकत्र यावं आणि संस्था नोंदवावी. खेड्यांतल्या संस्थांमध्ये तर जबाबदारी अमर्यादित असे. एकाने बुडवलं तर ते सगळ्यांनी भरायचं.

वसईच्या पट्ट्याला हे मानवणारं होतं. निर्मळ, वाघोली, गास, नंदाखाल, आगाशी इथे वाडीला लागून वाडी. केळी, पानवेल, फुलं, भाजीपाला. पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईला जायच्या आणि पैसे हळूहळू हातात यायचे. पानवेल लावायची तर खर्च आधी, पानं मागाहून. शेजाऱ्याच्या बावखलाला, म्हणजे वाडीतल्या तळ्याला, पाणी किती आहे, त्याच्या घरात कमावते हात किती, बाजारचा पैसा घरी येतो की गुत्त्यावर जातो, हे शेजाऱ्यालाच ठाऊक. ही माहिती कुठल्याही वहीत नव्हती, पण संचालकांच्या बैठकीत ती तोंडपाठ असायची.

मी नोकरीला लागले ते ऐंशीचं दशक. अर्ज यायचे विहिरीवरच्या पंपासाठी, घराच्या कौलांसाठी, मुलीच्या लग्नासाठी, रिक्षासाठी. कर्ज समितीत पहिला प्रश्न असायचा, “हा कोणाचा? जामीन कोण?” १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले तर संस्था सरळ जामीनदाराच्या दारात जाऊ शकते. त्यामुळे सही करणारा माणूस आधी विचार करायचा, बायकोला विचारायचा, मग पेन हातात घ्यायचा.

आमच्या संस्थेत एका सभासदाला दोनापेक्षा जास्त कर्जांना जामीन राहता येत नसे. त्यामुळे भरवशाच्या माणसाची सही जपून वापरावी लागे. काउंटरशी येऊन एक म्हातारे शेतकरी मला सांगायचे, “बाय, माझ्या दोन्ही सह्या अडकल्यात. तिसरा कोण आला तर सरळ सांग त्याला.” त्यांच्याकडे जमीन फार नव्हती. पण गावात कोणाचंही कर्ज अडलं की लोक त्यांच्याकडे जात. मोठ्या बागाईतदाराच्या सहीला आमची समिती कधीकधी नाक मुरडायची, कारण त्याची स्वतःची थकबाकी होती. इतक्या स्पष्टपणे माणसाची किंमत होताना मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि ही किंमत त्या माणसाच्याच हातात राहायची. तो नाही म्हणू शकत होता. कर्ज फिटलं की तो मोकळा व्हायचा आणि सही पुन्हा त्याची. शिवाय तो सभासद होता. नावावर एक भाग असो की शंभर, मत एकच. १९६० च्या महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही हे तत्त्व कायम राहिलं. वार्षिक सर्वसाधारण सभेला पानवेलवाला माणूस छापील अहवाल हातात धरून उठायचा आणि अध्यक्षांना विचारायचा, स्टेशनरीवर एवढा खर्च का? अध्यक्षांना उत्तर द्यावं लागे. नफा झाला तर लाभांश त्याच्याही खात्यात जमा व्हायचा.

या व्यवस्थेच्या भिंतीही मी आतून पाहिल्या. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांना, म्हणजे बहुतेक बायकांना, जामीन म्हणून कोणी मोजत नसे. त्या पाटल्या गहाण ठेवायच्या. कायद्यानेच जातीजमातीच्या संस्थांना वाट दिल्याने ज्याचा समाज लहान किंवा गरीब, त्याची सहीही हलकी. नालासोपारा, विरारला इमारती उभ्या राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं आली. प्रामाणिक, कष्टाळू माणसं, पण इथे त्यांच्यासाठी सही करणारं कोणी नव्हतं. त्यांच्या अर्जावर मी “जामीनदार अपुरे” असा शेरा लिहिलेला आहे.

त्यांना वाट मिळाली ती पगाराच्या पावतीने आणि पुढे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलमुळे. ही संस्था २००० साली स्थापन झाली. ३०० ते ९०० मधला एक आकडा, आणि त्यावर कर्ज. ज्याला इथे कोणी ओळखत नव्हतं त्याच्यासाठी हा मोठा न्याय होता आणि मी त्याचं स्वागतच केलं.

मग मोबाइल आला आणि ओळखीपाळखीचा बाजार वेगळ्याच जागी भरला. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा त्याचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते. भागाकार केला तर माणशी ४२ डॉलर. व्हॉट्सअ‍ॅपकडे जाहिराती नव्हत्या, कारखाना नव्हता. पैसे मोजले गेले ते कोण कोणाशी बोलतं त्याचे. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे सरासरी ६८ डॉलर मिळाले, आणि आशिया-पॅसिफिकमधल्या एकामागे साडेपाच. आमच्या समितीतही माणसामाणसात फरक व्हायचा. पण ज्याचा हिशोब होतोय तो समोरच्या बाकावर बसलेला असायचा, त्याला कारण विचारता यायचं. इथे विचारायला सभा नाही, मत नाही, लाभांश नाही.

जुनी जामीनकी सर्वांत वाईट रूपात परत आली ती कर्जाच्या मोबाइल अ‍ॅपांमधून. निवृत्तीनंतर एके दिवशी माझ्या फोनवर संदेश आला. आमच्या ओळखीच्या एका मुलाने कर्ज बुडवलं आहे, त्याला समज द्या, असा. सोबत त्याचा फोटो आणि शिवीगाळ. मी कुठेही सही केली नव्हती. अ‍ॅप उतरवताना त्याने एका बटणाला होकार दिला आणि त्याच्या फोनमधली सगळी नावं त्या लोकांच्या हाती गेली. त्याची मामी, शिक्षक, कामावरचा मुकादम, मी. आम्ही सगळे त्याचे जामीनदार ठरलो होतो. कोणालाही विचारलेलं नव्हतं. तारण होती ती त्याची लाज.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले. त्यांत संपर्कयादी, कॉलच्या नोंदी, फोनमधल्या फाइली यांना हात लावायला मनाई केली. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला. दोन्ही आवश्यकच होते. पण नियमांनी चोरी थांबते, हक्क मिळत नाही. हक्काची कल्पना १९१८ च्या पापडीत होती. ज्याच्या ओळखीवर पैसा उभा राहतो त्याला आधी विचारायचं, त्याने नाही म्हटलं तर थांबायचं, काम झालं की त्याला मोकळं करायचं आणि कारभारात त्याला एक मत द्यायचं.

या चारही गोष्टी चौथी शिकलेल्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या धर्मगुरूंनी शाई-कागदावर चालवून दाखवल्या. अब्जावधींच्या कंपन्यांना त्या जमणार नाहीत असं कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. आपल्या मुलांना फोन देताना आपण पासवर्ड शिकवतो. त्याबरोबर हेही शिकवावं, की त्यांच्या फोनमधलं प्रत्येक नाव ही कोणाची तरी सही आहे आणि ती त्या माणसाला विचारल्याशिवाय कोणाला देता येत नाही.