अकरा दुबार दिवस

लंडनला असलेल्या माझ्या भाच्यास त्याच्या आजोबांच्या श्राद्धाचा दिवस कळावा म्हणून मी तो संगणकावरील दिनदर्शिकेत बुधवारी टिपून ई-मेलने धाडला, तो त्याच्या निराळ्या बनावटीच्या दिनदर्शिकेत मंगळवारी जाऊन बसला. कारण माझ्या यंत्राने ‘दिवस’ याचा अर्थ येथील मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा काळ असा केला, आणि येथे मध्यरात्र होते तेव्हा हिवाळ्यात तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. भाचा वैतागला, मला मात्र मराठी दफ्तरांतील कागद आठवले.

त्या कागदांवर तारीख पडे ती बहुधा एका सनाची नसे, दोहोंच्या मिश्रणाची असे. साल शुहूर सनाचे, म्हणजे सूर्य मृगनक्षत्री जाताच पालटणारे, पेरणीस व वसुलीस सोयीचे, आणि म्हणूनच मृगसाल या नावानेही रूढ झालेले. महिना व दिवस मात्र हिजरी, चंद्रदर्शनावर चालणारे, आणि दिवसाच्या अंकाआधी ‘छ’ हे अक्षर. सालही आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत, एकंपासून वर चढत लिहीत: पानिपतचे साल 1161, म्हणून ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. कारकुनास हे पाठ असे. आज आपली जीभ अडखळते ती गोष्ट वेगळी.

खरी मेख पुढेच आहे. शुहूर वर्ष सुमारे 365 दिवसांचे, हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे. तेव्हा एखादे मृगसाल जमादिलावलच्या 1 तारखेस लागले, तर ते संपण्यापूर्वीच जमादिलावल महिना पुन्हा उजाडतो, आणि त्याच्या पहिल्या दहा-अकरा तारखा एकाच सालात दोनदा येतात. छ 5 जमादिलावल आणि खाली साल, एवढेच लिहिलेले पत्र वर्षाच्या तोंडाचे की शेपटाचे, हे त्या तारखेवरून सांगता येत नाही. त्यात हिजरी दिवस सूर्यास्तास आरंभतो, पंचांगाचा सूर्योदयास, इंग्रजांचा मध्यरात्री. रात्री घडलेल्या हकिकतीस प्रत्येकाच्या दफ्तरात आपापली तारीख मिळावी, यात नवल ते काय?

परराज्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा गुंता वाढला. रायगडावरील राज्याभिषेक शके 1596, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. तेथे इंग्रजांचा वकील म्हणून हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या गणनेने 6 जून 1674, आणि गोव्यातील फिरंग्यांच्या गणनेने 16 जून. पोर्तुगालने पोप ग्रेगरीची दुरुस्ती 1582 सालीच मान्य केली. इंग्रज मात्र 1752 पर्यंत जुनी गणना कवटाळून बसले, आणि अखेर 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसास 14 सप्टेंबर म्हणून मोकळे झाले. आपण आजही 6 जून पाळतो, म्हणजे इंग्रजांनी स्वतः टाकून दिलेल्या गणनेवर मुकाट्याने शिक्कामोर्तब करून बसलो आहो. याच राज्याभिषेकापासून शककर्त्याने नवा शक सुरू केला, त्याचे वर्ष ज्येष्ठातल्या त्रयोदशीस पालटे, म्हणजे जंत्रीत आणखी एक रकाना.

जंत्री करणारांचे ऋण म्हणूनच मोठे. बाळाजी प्रभाकर मोडकांच्या जंत्रीत निरनिराळ्या सनांचे दिवस शेजारीशेजारी मांडलेले आढळतात, आणि अभ्यासकाचे बोट त्या रकान्यांवरून आडवे फिरत राहते. दुबार तारखेपुढे मात्र तीही निरुत्तर, कारण ती दोन्ही जागा दाखविते. पत्रात पाऊस लांबल्याचा मजकूर असला तरी उपयोग नाही; सालाची दोन्ही टोके मृगाच्याच आसपास पडतात. वार लिहिलेला असला तर तेवढा निकाल लागतो, कारण 354 दिवसांत वार चार घरे सरकतो: पहिली छ सोमवारी, तर दुसरी शुक्रवारी.

भाच्यानेही शेवटी फोन करून वारच विचारला.