मेंदूज्वर आणि मेंदूचीं चित्रें

शरीरांतील बहुतेक अवयवांच्या दुखण्याची खूण वैद्याला पाहून, चेपून किंवा ऐकून थोडीफार मिळते. मेंदूची गोष्ट निराळी आहे. निसर्गानें त्याला हाडांच्या पेटींत बंद करून ठेविलें आहे. त्या पेटींत विषाणूनें दाह मांडला, म्हणजे बाहेर ज्वर, डोकेदुखी, आंचके आणि भ्रम एवढींच लक्षणें दिसतात. यालाच मेंदूज्वर म्हणतात. आंत नक्की काय बिघडलें, हें एके काळीं पुष्कळदां रोगी दगावल्यावर शवविच्छेदनांतच कळत असे.

१८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. परंतु त्या किरणांनीं कवटीचें हाड उमटे, मऊ मेंदू अदृश्यच राही. १९१८ मध्यें बाल्टिमोर येथील शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनीं मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून चित्रें घेतलीं. त्या पोकळ्यांच्या आकारावरून मेंदूच्या स्थितीचें अनुमान बांधावें लागे, आणि ती क्रिया वरचेवर करणें रोग्यास सोसण्याजोगें नव्हतें. रोगाची वाटचाल पाहावयाची, तर तेंच चित्र पुनःपुन्हां घेतां आलें पाहिजे; अडचण होती ती तेथेंच.

ती दूर होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनींतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें त्या वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं, लंडनमधील विंबल्डन येथें, एका रोग्याच्या मेंदूचें थराथरांनीं चित्र घेतलें. हाच सी. टी. स्कॅन होय. १९७३ मध्यें पॉल लॉटरबर यांनीं चुंबकाच्या साहाय्यानें चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यांतून पुढें एम. आर. आय. निघाला.

या साधनांची खरी कसोटी हर्पीसच्या मेंदूज्वरांत लागली. ओठांवर पुटकुळ्या उठविणारा हा विषाणू क्वचित् मेंदूंत शिरतो आणि बहुधा कानशिलाआडच्या, स्मरणाशीं निगडित अशा भागावर घाला घालतो. उपचार नसतां शंभरांपैकीं सुमारें ७० रोगी दगावत. अमेरिकेंतील एका प्रयोगांत असायक्लोव्हिर हें औषध दिलेल्या रोग्यांत हें प्रमाण २८ वर आल्याचें १९८६ मध्यें प्रसिद्ध झालें. मात्र औषध लवकर दिलें पाहिजे. आणि पहिल्या तीन-चार दिवसांत सी. टी. स्कॅन पुष्कळदां निर्दोष दिसे! त्यावर विसंबणें म्हणजे धूर दिसला नाहीं म्हणून चूल थंड मानण्यासारखें होय. एम. आर. आय. मध्यें सूज त्याहून आधीं दिसूं लागली.

एकाच रोग्याचीं चित्रें क्रमानें मांडलीं, कीं रोगाची कथा उलगडते. प्रथम एका कानशिलाआड सूज येते. कधीं ती दुसऱ्या बाजूस पसरते. कांहीं महिन्यांनीं ती ओसरते, पण तेथील मेंदू आक्रसलेला असतो. रोगी वाचतो, परंतु सकाळची गोष्ट त्यास संध्याकाळीं आठवेनाशी होते. त्याचें कारण शेवटच्या चित्रांत दिसतें.

तथापि चित्रांनाहि सर्व कांहीं सांगतां येत नाहीं. कांहीं रोगी बरे होऊं लागल्यावर थोड्या आठवड्यांनीं पुन्हां बिघडत. लहान मुलांचे हातपाय आपोआप वेडेवांकडे हालूं लागत. विषाणू परतला असें वाटे. पण पाठीच्या कण्यांतील द्रव तपासतां अनेकदां तो सांपडत नसे. शरीराचीं स्वतःचीं प्रतिद्रव्यें मेंदूवर उलटतात, असा एक आजार डॉ. डालमाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें ओळखला होता. २०१२ मध्यें बर्लिन येथील संशोधकांस तींच प्रतिद्रव्यें हर्पीसच्या रोग्यांतहि आढळलीं. स्पेनमधील पाहणींत ५१ रोग्यांपैकीं १४ जणांस असा दुसरा दाह झाल्याचें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें. या दुसऱ्या दाहावर विषाणूचें औषध चालत नाहीं. तेथें शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच आवर घालावा लागतो.

म्हणूनच आज संशय येतांच, चित्राची वाट न पाहतां, औषध सुरू करतात. आणि रोगी पुन्हां बिघडला, तर नवें चित्र जुन्याशेजारीं ठेवून पाहतात, द्रव पुन्हां तपासतात, आणि मगच पहिला शत्रू परतला कीं दुसराच उभा राहिला, याचा निर्णय करतात.