एका यंत्राचा परकायाप्रवेश

मंडनमिश्रांच्या पत्नीच्या प्रश्नांना उत्तर देता यावे म्हणून आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या निष्प्राण देहात प्रवेश केला आणि तोवर त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी एका गुहेत सांभाळून ठेवला, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. परकायाप्रवेश हा शब्द आपण तेव्हापासून योग्यांसाठी राखून ठेवला आहे. परंतु गेली साठ वर्षे हा प्रयोग इंग्लंडातल्या गॅरेजांतून तेलकट हातांचे मिस्त्री नित्यनेमाने करीत आले आहेत, असे मी म्हटले तर वाचकांनी हसू नये. मी पेशाने शाळामास्तर, हौसेने कादंबरीकार. मोटारीच्या इंजिनाशी माझा घरोबा एस.टी.च्या पुढच्या बाकावर बसण्यापुरताच. तरीही रेंज रोव्हर नावाच्या गाडीचा आणि तिच्या इंजिनाचा इतिहास हाती आला, तेव्हा एखाद्या घराण्याची बखर वाचावी तसा मी तो वाचीत गेलो. त्यातली हकिकत येथे सांगतो.

ही गाडी इंग्रजांची. चिखल, खडक, वाळू ह्यांतून जाणारी आणि संध्याकाळी नाटकगृहाच्या दारातही शोभणारी, अशी तिची ख्याती. सरदार-जमीनदारांची ती आवडती. साहजिकच तिचे काळीजही अस्सल इंग्रजी असेल असे कुणालाही वाटावे. पण ते तसे नाही. ते जन्मले अमेरिकेत, आणि जन्मदात्याने ते तीन वर्षांतच टाकून दिले.

१९६१ साली जनरल मोटर्स ह्या बलाढ्य अमेरिकन कंपनीने ब्यूक गाडीसाठी आठ सिलिंडरांचे एक छोटे इंजिन काढले. चार सिलिंडर एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस, इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे तिरके मांडलेले. त्यात नवल एवढेच की ते बिडाचे नसून ॲल्युमिनियमचे होते. त्यामुळे त्याचे वजन दीडशे किलोच्याही आत राहिले. पण ॲल्युमिनियमचे ओतकाम तेव्हा नाजूक. ओतलेल्या ठोकळ्यांना बारीक छिद्रे राहत, कित्येक ठोकळे भंगारात जात. थंडीत पाणी गोठू नये म्हणून जे द्रव्य रेडिएटरमध्ये घालीत, तेही ह्या धातूला मानवेना. रेडिएटर तुंबू लागले. इतक्यात पातळ भिंतींचे बीड ओतण्याची युक्ती साधली, आणि स्वस्त बीड असताना महागडे ॲल्युमिनियम हवे कशाला, असा हिशेब झाला. १९६३ साली इंजिन बंद पडले. साडेसात लाखांच्या आसपास नग निघाले होते. अमेरिकेच्या मानाने ही गोष्ट विसरून जाण्याजोगी होती.

इंग्लंडातल्या रोव्हर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते विल्यम मार्टिन-हर्स्ट. आपल्या कंपनीची इंजिने बोटींसाठी खपवावीत म्हणून ते अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातल्या मर्क्युरी मरीन ह्या बोटींची इंजिने करणाऱ्या कारखान्यात गेले. तेथे कारखान्याच्या फरशीवर एक इंजिन पडलेले त्यांना दिसले. कुठल्याशा ब्यूक गाडीतून काढून ते शर्यतीच्या बोटीत बसवावयाचे होते. रोव्हरला नेमके असेच हलके आणि जोरकस इंजिन हवे होते. ते नव्याने घडवायला ना पैसा होता, ना वेळ. मार्टिन-हर्स्ट ह्यांनी मोजमाप घेतले. आपल्या गाडीत हे बसेल असे त्यांच्या ध्यानात आले. ते इंजिन त्यांनी इंग्लंडला पाठविले आणि जनरल मोटर्सच्या मागे लागले. ज्या वस्तूची आपण वासलात लावली, ती कुणी मागायला यावे, हे त्या कंपनीला आरंभी खरेच वाटेना. अखेर १९६५ च्या जानेवारीत हक्कांचा करार झाला.

ह्या हकिकतीतील मला सर्वांत भावलेला मनुष्य म्हणजे ज्यो टर्ले. ब्यूकमध्ये ह्या इंजिनाच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता आणि ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. ते इंग्लंडात आले आणि आपल्या हातचे लेकरू परक्या घरात कसे वाढवावे हे तिथल्या लोकांना शिकविले. मुलीला सासरी पोचवायला बाप जावा, तसे ते गेले. इंग्रजांनी आपल्या परीने फेरफार केले. ठोकळा वाळूच्या साच्यात ओतला, लोखंडी लायनर मागाहून दाबून बसविले, कार्ब्युरेटर आपले लावले. १९६७ साली रोव्हरच्या मोठ्या सलून गाडीत ते प्रथम आले. मार्गारेट थॅचर १९७९ साली पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटवर आल्या, त्या अशाच गाडीतून. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ह्याच इंजिनाचे एक सख्खे भावंड ओल्ड्समोबिल गाडीत होते. त्याच्या ठोकळ्यावर ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने शर्यतीचे इंजिन रचले, आणि त्याच्या बळावर जॅक ब्रॅबम १९६६ साली मोटार-शर्यतींचे जगज्जेते झाले!

१९७० च्या जूनमध्ये रेंज रोव्हर लोकांपुढे आली. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड हे तिचे शिल्पकार. शेतावरच्या गाड्यांना तोवर पट्ट्यांच्या ताठ स्प्रिंगा असत; ह्यांनी लांब हेलकावे घेणाऱ्या गुंडाळीच्या स्प्रिंगा दिल्या, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना सदैव मिळेल अशी योजना केली. इंजिन तेच, ३५२८ घन सेंटिमीटरचे. आज तिला आपण विलासी गाडी म्हणतो, पण त्या पहिल्या गाडीला दोनच दारे होती आणि आतली फरशी पाण्याच्या नळीने धुता येई. चार दारे १९८१ साली आली. मऊ चामड्याच्या गाद्या आणि लाकडी नक्षी हा पुढचा संसार.

गाडीची खरी परीक्षा १९७१-७२ साली झाली. मेजर जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांची एक मोहीम दोन रेंज रोव्हर घेऊन अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत निघाली. वाटेत पनामा आणि कोलंबिया ह्यांच्यामध्ये दारियेनचे रान लागते. तिथे रस्ता नाही, आजही नाही. दलदल, नद्या आणि गच्च झाडी. चिखलासाठी म्हणून गाड्यांना अवजड, फुगीर टायर चढविले होते आणि वर सामानाचा डोंगर. त्या ओझ्याने मागचे डिफरन्शियल एकामागून एक फुटू लागले. इंजिन शाबूत, पण ताकद चाकांपर्यंत पोचेना. कारखान्यातून तज्ज्ञ आणि सुटे भाग मागवावे लागले. तोवर जुनीच एक लँड रोव्हर विकत घेऊन ती वाट शोधायला पुढे सोडली. शेवटी गाड्या पार झाल्या. माझ्या मते ह्या गाडीच्या कीर्तीचा पाया तिथे घातला गेला. गाडी मोडते हे जगाला दिसले. आणि मोडलेली गाडी रानात, पावसात, पाने आणि जॅक घेऊन पुन्हा उभी करता येते, हेही दिसले.

पण ह्या गाडीला एक व्यसन होते, ते पेट्रोलचे. गॅलनला बारा-पंधरा मैल, ही तिची भूक. १९७३ साली अरब-इस्राएल युद्ध झाले, तेलाचे भाव भडकले. १९७९ साली इराणच्या क्रांतीनंतर पुन्हा तेच. गाडी तर सोडवत नाही आणि पेट्रोल परवडत नाही, अशा पेचात सापडलेल्या मालकांनी मग गॅरेजची वाट धरली. आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि डिझेल चढवायचे. कुणी पर्किन्सचे घातले, कुणी जपानी निसान किंवा इसुझूचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडेही जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविणारे मिस्त्री गावोगावी होते, त्यांना विचारावे. इंजिन ज्या पायांवर बसते ते पाये कापून चॅसीवर नव्या जागी जोडावे लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांची तोंडे जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड धातूची चकती घडवून घालावी लागते. बिडाचे डिझेल ॲल्युमिनियमच्या इंजिनापेक्षा बरेच जड; गाडी पुढे वाकते, स्प्रिंगा बदलाव्या लागतात. शिवाय डिझेल सावकाश फिरते, त्यामुळे गिअरचे प्रमाण जुळविले नाही तर इंजिन ओरडते आणि गाडी रांगते. देह स्वीकारला तरी देहाचे धर्म सांभाळावेच लागतात.

खुद्द कारखान्यालाही हा मोह पडला. आपल्याच इंजिनाचे डिझेल करावे म्हणून पर्किन्सच्या सहकार्याने बरेच प्रयोग झाले, पण १९८३ साली ते गुंडाळावे लागले. मग १९८६ साली इटलीतल्या व्हीएम कंपनीचे चार सिलिंडरांचे डिझेल घेतले. त्याच वर्षी तशा एका गाडीने चाचणीच्या धावपट्टीवर चोवीस तास ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी वेग राखून दाखविला आणि एकूण २७ विक्रम केले. तरी त्या इंजिनाला नाव काही मिळाले नाही. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळे हेड. पाणी कमी पडून इंजिन तापले की हेडे तडकत, गॅसकेटी जळत. १९९२ साली कंपनीचे स्वतःचे डिझेल रेंज रोव्हरमध्ये आले, तेव्हा लोकांना हायसे वाटले. हेच डिझेल डिस्कव्हरी ह्या धाकट्या गाडीत आधीपासून होते. डिस्कव्हरीचे पत्रे गंजून जात, इंजिने मात्र ठणठणीत राहत. मग भंगारात निघालेल्या डिस्कव्हरीचे काळीज जुन्या रेंज रोव्हरमध्ये, असा रिवाजच इंग्लंडात पडला.

जे मूळ इंजिनालाच धरून राहिले, त्यांच्या वाट्याला त्याच्या खोडी आल्या. वेळेवर तेल बदलले नाही की आत काळा गाळ साचतो आणि कॅमशाफ्टचे उंचवटे झिजत जातात. ताकद इतकी हळूहळू ओसरते की मालकाला कळतही नाही. प्रत्येक हेडला चौदा बोल्ट. त्यांतली कडेची ओळ आवळली की हेड किंचित तिरपे बसे आणि आतल्या बाजूने गॅसकेट गळे. जाणते मिस्त्री ती ओळ मुद्दाम सैल ठेवीत. पुढे कारखान्याने ती ओळच काढून टाकली आणि बोल्ट दहा केले. मिस्त्रीचे शहाणपण अभियंत्याच्या कागदावर चढायला वेळ लागतो, पण चढते, ह्याचे मला फार समाधान वाटले. गंजाची कथाही अशीच. बाहेरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे, म्हणून गाडी अमर अशी समजूत होती. पण आतला सांगाडा पोलादाचा, आणि आत ओल शिरली की पोलाद आतून पोखरते. वरून साज उतरत नाही, आतून घर खचते!

१९९६ साली ह्या जुन्या घडणीची शेवटची गाडी निघाली. तीन लाखांहून अधिक निघाल्या होत्या. आता काळाचा फेरा पाहा. ज्या गाड्या एके काळी मातीमोल झाल्या होत्या, त्यांना आज संग्राहक शोधीत हिंडतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मूळचेच इंजिन आहे ना?’ चॅसीचा आणि इंजिनाचा क्रमांक ताडून पाहतात. काल कौतुकाने चढविलेले डिझेल आज उतरवून पुन्हा आठ सिलिंडरांचे इंजिन बसविण्याचे काम चालू आहे. ज्यांनी आपले जुने इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जपून ठेवले, ते शंकराचार्यांच्या शिष्यांइतकेच शहाणे ठरले. दुसरीकडे काही जण इंजिनच काढून विजेची मोटार घालीत आहेत. ह्या दोन पक्षांत मोठा वाद आहे. एक म्हणतो, काळीज बदलले की गाडी ती उरली नाही. दुसरा म्हणतो, चालत नसलेल्या गाडीपेक्षा चालणारी बरी.

वर्गात असा वाद निघाला तर मी मुलांना इतिहासाकडे बोट दाखवीन. ज्याला मूळचे म्हणून कवटाळायचे, ते इंजिनच मुळी परक्याच्या कारखान्यात फरशीवर पडलेले होते. कुणीतरी ते उचलले, आपल्या मापाने घासले, दुरुस्त केले आणि चाळीस वर्षे चालविले. जो आज डिझेल बसवितो तो मार्टिन-हर्स्टचाच कित्ता गिरवितो आहे. मात्र जो मूळ इंजिन उघडून, गाळ काढून, कॅमशाफ्ट बदलून पुन्हा सुरू करतो, त्याला मी अधिक मान देईन. कारण ज्यो टर्लेच्या हातची खूण त्याच्यामुळे टिकते. एवढेच की, ज्याने बदलले त्याने काय बदलले ते लिहून ठेवावे. म्हणजे पुढच्या मिस्त्रीला अंधारात चाचपडावे लागत नाही.

ह्या बखरीचे ताजे पान आपल्या अंगणात उघडले आहे. २००८ साली टाटांनी ती इंग्रजी कंपनी विकत घेतली. आणि २०२४ साली, चौपन्न वर्षांत प्रथमच, रेंज रोव्हरची जुळणी इंग्लंडातल्या सॉलिहलबाहेर होण्याचे ठरले, ते आपल्या पुण्यात! अमेरिकेत जन्मलेल्या काळजावर इंग्लंडात नावारूपाला आलेल्या ह्या गाडीची पाती आता मराठी हात आवळतील. आवळताना एखादा बोल्ट सैल ठेवावा असे त्यांतल्या कुणाला वाटले, तर साहेबांनी त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच माझी शिफारस आहे.