तळटीप : वेसण

वेसण : बैलाच्या नाकातला पडदा टोचून ओवलेली दोरी. गाडीवानाच्या हातातला लांब दोर तो कासरा. धाराशिव जिल्ह्यात चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला बैलगाड्या निघतात, तेव्हा हे दोन्ही शब्द अजून कानावर येतात. उताराला गाडीवान कासरा आखडतो, चढाला सैल सोडतो. नाक फार हळवे, त्यामुळे हलक्या ओढीनेही बैल थबकतो. नियंत्रणातली ही सक्ती, हे दुखणे शब्दात उतरले आहे. उधळ्या पोराला, महागाईला, मनमानी कारभाराला वेसण घालतात. यंत्राला मात्र कोणी वेसण घालत नाही. ट्रॅक्टरवरचा ‘ताबा सुटतो’. म्हणून मजकुरातली ‘वेसण’ बदलून ‘नियंत्रण’ केलेले नाही.