प्रशियन निळा : रंग आधी, रसायन नंतर

प्रशियन निळा हे आधुनिक काळातील पहिले कृत्रिम रंगद्रव्य होय. संक्रमणी धातूंच्या जटिल संयुगांपैकी बाजारात सर्वांत आधी नाव कमावणाऱ्यांतही त्याची गणना होते. त्यापूर्वी यूरोपातील चित्रकारांना चांगला निळा रंग सहजी मिळत नसे. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दाची पूड उत्तम, पण अतिशय महाग. कोबाल्टयुक्त काचेची पूड स्वस्त, पण तेलरंगात हळूहळू फिकी पडणारी.

1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये डिसबाख नावाचा रंगकार कोचिनियल किड्यांपासून तांबडे रंगद्रव्य बनवत होता. किड्यांचा काढा, तुरटी, हिराकस आणि पोटॅश ही त्याची सामग्री. श्टाल या रसायनज्ञाने 1731 मध्ये दिलेल्या हकिकतीनुसार डिसबाखने पोटॅश घेतले ते डिपेल या किमयागाराकडून. त्याच पोटॅशवर डिपेलने आधी आपले प्राणिज तेल शुद्ध केले होते. त्यामुळे तांबड्याऐवजी गर्द निळा साका खाली बसला.

यामागचे कारण तेलातून पोटॅशमध्ये उतरलेल्या, रक्तासारख्या प्राणिज द्रव्यात होते. ते पोटॅशबरोबर तापवले की त्यातील कार्बन व नायट्रोजन मिळून सायनाइड बनते. लोहाच्या एका अणूभोवती असे सहा सायनाइड गट घट्ट बसतात आणि फेरोसायनाइड तयार होते. हिराकशीतील लोहाशी त्याचा संयोग होऊन आधी फिकट साका येतो. हवेतील ऑक्सिजनने तो निळा होतो.

कृती गुप्त ठेवून फ्रिश या विद्वानाने डिसबाखच्या साथीने रंगाचा व्यापार वाढवला. पोट्सडाममध्ये असलेले पीटर व्हान डर वर्फ या चित्रकाराचे 1709 चे चित्र हा या रंगाच्या वापराचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा आहे. 1724 मध्ये लंडनच्या वुडवर्डने कृती छापली आणि यूरोपभर कारखाने निघाले. पुढे हा रंग जपानलाही पोहोचला. चित्रकार होकुसाईच्या 1831 च्या सुमारास छापलेल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातील निळा हाच.

धंदा जोरात चालला, तरी रंग म्हणजे नेमके काय याचा उलगडा व्हायला वेळ लागला. 1752 मध्ये फ्रान्सच्या माकेरने अल्कलीच्या साहाय्याने निळ्यातून लोह वेगळे केले. उरलेल्या द्रावणात लोहाचा क्षार घालताच निळा पुन्हा प्रकटला. 1782 मध्ये स्वीडनच्या शेलेने त्यापासून एक अत्यंत विषारी आम्ल मिळवले. प्रशियन निळ्यातून आले म्हणून त्याला प्रुसिक आम्ल म्हणू लागले. ‘सायनाइड’ हे नावही ‘निळा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. 1842 मध्ये हर्शेल या शास्त्रज्ञाने प्रशियन निळ्याच्या रसायनावर सायनोटाइप ही छायाचित्रण पद्धती उभारली. वास्तुविशारदांच्या निळ्या नकाशांचा उगम तिच्यातच आहे.

घटक वेगळे करता आले, तरी संयुजेच्या (म्हणजे अणूच्या जोडणी-क्षमतेच्या) नेहमीच्या हिशेबाने अशा जटिल संयुगांची रचना मांडता येत नव्हती. 1893 मध्ये झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने हा पेच सोडवला. धातूला विद्युत्‌भार फेडणारी एक संयुजा असते आणि त्याखेरीज आपल्याभोवती ठरावीक संख्येने गट बसवण्याची दुसरी; सहा गट असतील तर ते अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसतात, असे त्याने मांडले. या कार्यासाठी त्याला 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रशियन निळ्याच्या स्फटिकाचे तपशीलवार चित्र मात्र 1977 मध्येच हाती आले. त्यात द्विसंयुजी लोह सायनाइडच्या कार्बनशी व त्रिसंयुजी लोह नायट्रोजनशी जोडलेले असून फेरोसायनाइडच्या एक चतुर्थांश जागा रिकाम्या असतात; तेथे पाणी शिरते. इलेक्ट्रॉन पहिल्या लोहाकडून दुसऱ्याकडे जाताना तांबडा प्रकाश शोषला जातो, म्हणून पदार्थ निळा दिसतो.

सायनाइड लोहाला इतके घट्ट धरून असते की हा रंग पोटात गेला तरी विषबाधा होत नाही. उलट, त्याच्या जाळीत थॅलियम व सीझियम अडकतात. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात किरणोत्सारी सीझियम पोटात गेलेल्या रुग्णांना हेच द्रव्य औषध म्हणून दिले गेले, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.