परभणीचे सहा लाख लोक गेले कुठे? एका तक्त्याचा इतिहास

१/ १९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख १७ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे १५ लाख २८ हजार भरली. दहा वर्षांत जवळजवळ सहा लाखांची घट! पण लोक कुठेच गेले नव्हते.

२/ १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आजचे हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे तालुके त्यात आहेत. माणसे आपापल्या गावीच राहिली. बदलले ते ‘जिल्हा’ या रकान्यातील नाव.

३/ न्याय्य तुलना करायची तर १९९१ च्या नोंदींतून केवळ आजच्या परभणीतील गावे निवडून नवा तक्ता करावा लागतो. त्याची बेरीज सुमारे १२ लाख ९३ हजार होते. म्हणजे लोकसंख्या घटली नाही, उलट सुमारे १८ टक्क्यांनी वाढली.

४/ हेच काम संगणकावर एका आज्ञेत होते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याचा सिद्धान्त दिला. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

५/ प्रत्येक गावापुढे आजचा जिल्हा नोंदलेला असेल, तर आज्ञा अशी:

क्रिएट टेबल परभणी_१९९१ ॲज
सिलेक्ट गाव, लोकसंख्या
फ्रॉम जनगणना_१९९१
व्हेअर आजचा_जिल्हा = 'परभणी';

‘सिलेक्ट’पासून पुढचा भाग प्रश्न विचारतो, पहिली ओळ त्याच्या उत्तराचा कायमचा तक्ता करते.

६/ मात्र हा तक्ता त्या क्षणाची नक्कल असतो. मूळ नोंदीत नंतर दुरुस्ती झाली, तरी नकलेत ती आपोआप उतरत नाही. दर वेळी ताजे उत्तर हवे असेल, तर तक्त्याऐवजी ‘व्ह्यू’ करतात. त्यात उत्तर नव्हे, प्रश्नच जपला जातो.

७/ शिवाय बहुतेक प्रणालींत मूळ तक्त्याची ‘प्रायमरी की’ आणि ‘इंडेक्स’ नकलेत येत नाहीत. ते पुन्हा घातले नाहीत, तर पुढे एकच गाव दोनदा नोंदले गेले तरी तक्ता हरकत घेत नाही, आणि बेरीज मुकाट्याने फुगते.

८/ परभणीच्या सीमा एकदाच बदलल्या असेही नाही. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. म्हणून १९७१, १९९१ आणि २००१ या तिन्ही जनगणनांतील ‘परभणी’ वेगवेगळी आहे.

९/ धान्य, शाळा, दवाखाने यांची आखणी अशाच आकड्यांवर होते. चुकीच्या तुलनेतून वाढता जिल्हा ओसरता ठरू शकतो. म्हणून तक्ता हाती आला की आकड्यांच्या आधी तीन गोष्टी तपासाव्यात: तो कोणत्या नोंदींतून निघाला, कोणत्या तारखेला निघाला आणि त्या दिवशी जिल्ह्याची सीमा कुठे होती.